पत्रकाराचा कल आणि बातमीचा तोल

‘हे पत्र नेमके कुणाचे?’ हा प्रश्न मराठी वाचक शतकाहून अधिक काळ विचारीत आला आहे. निवडणुका जवळ आल्या की तो अधिक मोठ्या आवाजात विचारला जातो. एका पक्षाच्या सभेची बातमी पहिल्या पानावर आणि दुसऱ्याच्या सभेची आतल्या पानावर आली, की वृत्तपत्राच्या कार्यालयातील दूरध्वनी खणखणू लागतात. गंमत अशी, की त्याच अंकाविषयी दुसऱ्या बाजूचे दूरध्वनीही तितक्याच तावातावाने येत असतात. पत्रकार हा नागरिक आहे, तो मतदान करतो, त्याला राजकीय आवडीनिवडी असतात, हे कुणी नाकारीत नाही. वाद आहे तो त्यापुढचा. पत्रकाराच्या मनातील कल छापील बातमीत उतरतो का, उतरत असेल तर कोणत्या वाटेने, आणि बातमीदार व्यक्तिश: तटस्थ असूनही बातमी एका बाजूला झुकू शकते का? या तीन निरनिराळ्या प्रश्नांची गल्लत झाल्यामुळेच हा वाद बहुधा आरोप-प्रत्यारोपांत विरून जातो.

मतपत्रांची परंपरा

बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, त्यामागे ज्ञानप्रसाराची प्रेरणा होती. पुढील काळात मात्र मराठी पत्र म्हणजे एखाद्या विचाराचे किंवा चळवळीचे व्यासपीठ, असेच समीकरण रूढ होत गेले. कृष्णराव भालेकर यांचे १८७७ साली सुरू झालेले ‘दीनबंधु’ सत्यशोधक विचारांचे होते आणि ही गोष्ट कुणापासून लपविलेली नव्हती. १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. परंतु राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या प्रश्नावर दोघांचे मार्ग वेगळे झाले. १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून रण माजले, तेव्हा ‘केसरी’ विरोधात आणि ‘सुधारक’ समर्थनार्थ उभा होता. दोन्ही पत्रे पुण्याचीच. त्यांपैकी कोणतेही हाती घेणाऱ्या पुणेकराला आपण कोणत्या चष्म्यातून पाहत आहोत याची पुरेपूर जाणीव होती.

उघड पक्षपाताचा हा मोठाच गुण म्हणावा लागेल. परंतु ज्यांच्या हाती पत्र नव्हते, त्यांच्या वाट्याला काय आले, याचे उत्तर ‘मूकनायक’च्या जन्मकथेत मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी हे पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता, हे आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवले आहे. येथे कुणी एका बाजूची स्तुती केली नव्हती, की दुसरीवर टीका केली नव्हती. फक्त एक मजकूर छापला गेला नव्हता. पक्षपाताचा शोध घेणारे बहुतेक जण छापलेल्या ओळी तपासतात. न छापलेल्या ओळी तपासणे अवघड, म्हणूनच तिकडे दुर्लक्ष होते.

नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू केला तेव्हा चित्र पालटू लागले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी अग्रलेखापेक्षा बातमीला महत्त्व दिले, गावोगावी वार्ताहर नेमले आणि सामान्य वाचकाच्या दैनंदिन प्रश्नांना जागा दिली. मत अग्रलेखात, बातमी बातमीच्या जागी, हा दंडक त्यानंतर मराठीत स्थिरावत गेला. पत्रकारितेच्या पदविका वर्गात आजही पहिल्याच आठवड्यात ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक सी. पी. स्कॉट यांचे १९२१ सालचे सूत्र शिकवले जाते : मत मांडण्यास मोकळीक असावी, तथ्यांना मात्र धक्का लागू नये.

अर्थात मराठी वाचकाने या दंडकाचा भंगही तितक्याच प्रेमाने स्वीकारला. आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ रोजी निघाला तोच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी. १९५७ च्या निवडणुकीत अत्रे स्वत: विधानसभेवर निवडून गेले. म्हणजे दैनिकाचा संपादक हाच चळवळीचा नेता आणि आमदारही! त्या पत्राने तटस्थपणाचा आव कधी आणला नाही आणि वाचकांनीही त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवली नाही. २३ जानेवारी १९८८ रोजी सुरू झालेला ‘सामना’ हा याच परंपरेतला. शिवसेनेचे मुखपत्र म्हणूनच तो विकत घेतला जातो.

आणीबाणीचा धडा

पत्रकाराचे मत आणि पत्राची भूमिका या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे आणीबाणीइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध नोंदविला. अशी उदाहरणे मोजकीच. बहुसंख्य दैनिकांनी निमूटपणे माना तुकविल्या. वाकायला सांगितले असता वृत्तपत्रे रांगू लागली, हा लालकृष्ण अडवाणी यांचा नंतरचा शेरा प्रसिद्धच आहे. आता प्रश्न असा, की या दैनिकांतील सारे बातमीदार आणि उपसंपादक काय आणीबाणीचे समर्थक होते? तसे म्हणण्यास कोणताच आधार नाही. त्यांच्या मतांची त्या काळात कुणी शिरगणती केली असती, तर तिच्यावरून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पानाचा अंदाज मुळीच बांधता आला नसता. मुंबईत मिनू मसानी यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातील मजकूर रोखणाऱ्या सेन्सॉरला न्यायालयात खेचले आणि १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. सर्व वृत्तपत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडे वळवायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

मोजमापाचे प्रयत्न

पत्रकारांच्या राजकीय कलाची प्रत्यक्ष मोजदाद सर्वाधिक झाली ती अमेरिकेत. तेथे हा वाद राजकीय आखाड्यात आणला उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी. १३ नोव्हेंबर १९६९ रोजी आयोवा राज्यातील डी मॉइन येथे केलेल्या भाषणात त्यांनी दूरचित्रवाणीवरील मूठभर वृत्तनिवेदक आणि निर्माते देशाचे मत घडवितात, अशी टीका केली. तेव्हापासून प्रसारमाध्यमे उदारमतवाद्यांच्या ताब्यात आहेत, हा रिपब्लिकन पक्षाचा कायमचा आक्षेप बनला.

आक्षेपाचा पहिला भाग आकडेवारीने खरा ठरतो. तेथील पत्रकारांच्या देशव्यापी पाहणीत १९७१ साली स्वत:ला रिपब्लिकन म्हणविणारे सुमारे २६ टक्के होते. २०१३ साली हे प्रमाण ७ टक्क्यांवर आणि २०२२ साली ३.४ टक्क्यांवर आले. त्याच २०२२ च्या पाहणीत ३६ टक्के पत्रकारांनी आपण डेमोक्रॅट असल्याचे सांगितले, तर निम्म्याहून थोड्या अधिकांनी आपण कोणत्याही पक्षाचे नाही असे उत्तर दिले. एका बाजूचे लोक वृत्तकक्षातून जवळजवळ नाहीसे झाले आहेत, ही चिंतेचीच बाब आहे. ज्यांच्या घरी कुणी रिपब्लिकन नाही आणि शेजारच्या टेबलावरही नाही, अशा पत्रकाराला त्या मतदाराचे मन कळणार तरी कसे?

दुसरा भाग मात्र इतक्या सहजपणे सिद्ध होत नाही. २०२० साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. संशोधकांनी अमेरिकेतील हजारो राजकीय पत्रकारांना एका काल्पनिक उमेदवाराच्या नावे ई-मेल पाठविले. मजकूर तोच, फक्त उमेदवाराची विचारसरणी कुठे डावी, कुठे मध्यममार्गी, कुठे उजवी. मुलाखत घ्यायला आवडेल का, अशी विचारणा होती. पत्रकार बहुसंख्येने उदारमतवादी असूनही कोणत्या उमेदवाराची बातमी करायची, या निवडीत त्यांनी भेदभाव केल्याचे आढळले नाही. त्यापूर्वी २००० साली अध्यक्षीय निवडणुकांच्या वार्तांकनावरील ५९ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही वृत्तपत्रांच्या बाबतीत एका पक्षाकडे लक्षणीय झुकाव सापडला नव्हता.

मग कल येतो कुठून? मॅथ्यू गेन्ट्झकोव्ह आणि जेसी शॅपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली याचे एक वेगळे उत्तर दिले. वारसा करालाच एका पक्षाचे लोकप्रतिनिधी ‘इस्टेट टॅक्स’ म्हणतात आणि दुसऱ्या पक्षाचे ‘डेथ टॅक्स’. अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजातून असे शब्दप्रयोग वेचून त्यांनी ते चारशेहून अधिक दैनिकांत मोजले. पत्राची भाषा ज्या बाजूला झुकलेली, त्याच बाजूला बहुधा त्या पत्राचे वाचकही झुकलेले आढळले. मालक कोण, याचा परिणाम त्या मानाने फारच थोडा दिसला. थोडक्यात, ग्राहकाला हवी असलेली चव दुकानदाराने राखावी, तसाच हा प्रकार. वाचक पत्राला दोष देतो तेव्हा त्या दोषात त्याचाही वाटा असतो, हे ऐकायला कडू आहे खरे.

वाचकाच्या नजरेचाही प्रश्न आहेच. १९८५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९८२ च्या बैरूत हत्याकांडाच्या एकाच दूरचित्रवाणी बातमीपत्राचे भाग इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखविले. दोन्ही गटांना ती बातमी आपल्याच विरोधात पक्षपाती वाटली! दोन्ही बाजूंनी शिव्या पडतात म्हणजे आपण निष्पक्ष, असे समाधान काही संपादक यावरून करून घेतात. ते बरोबर नाही. दोन्ही बाजूंना न आवडणारी बातमी चुकीचीही असू शकते.

बंड, उठाव की गद्दारी?

शब्दांवरून कल ओळखण्याच्या या पद्धतीची महाराष्ट्राने अलीकडेच घरबसल्या प्रचीती घेतली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आणि त्यांच्यासोबतचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. त्या घटनेला काय म्हणायचे? शिंदे यांच्या बाजूने शब्द आला ‘उठाव’. उद्धव ठाकरे यांच्या बाजूने ‘गद्दारी’. बहुतेक दैनिकांनी ‘बंड’ आणि ‘बंडखोर’ हे शब्द पत्करले. ते मधले वाटतात, पण ‘बंड’ या शब्दातही अधिकृत सत्ता कुणाची आणि ती झुगारणारा कोण, याचा निवाडा दडलेला आहेच.

पुढे पक्षाच्या नावाचाच पेच पडला. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण गोठविले आणि दोन्ही गटांना तात्पुरती नावे दिली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी मूळ नाव व चिन्ह शिंदे यांच्याकडे गेले. आदल्या दिवसापर्यंत उपसंपादक ‘शिंदे गट’ असे लिहीत होता. आता त्याने नुसते ‘शिवसेना’ लिहायचे काय? आयोगाचा निर्णय पाळावा, तर अर्धा वाचकवर्ग संतापणार. ‘शिंदे गट’ चालू ठेवावे, तर आयोगाचा निर्णय मानत नाही असा अर्थ निघणार. बऱ्याच ठिकाणी ‘शिवसेना (शिंदे)’ आणि ‘शिवसेना (ठाकरे)’ अशी कंसांची तडजोड झाली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने मूळ नाव अजित पवार यांच्या गटाला दिले, तेव्हा हीच कसरत पुन्हा करावी लागली. एका कंसावरून वृत्तकक्षात रात्री अकरा वाजता अर्धा अर्धा तास वाद झडतो, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटणार नाही.

बातमीचा तोल ढळतो तो बहुधा अशाच छोट्या निर्णयांत. मोर्चा ‘विराट’ होता की त्याने ‘वाहतुकीची कोंडी’ झाली. नेत्याने ‘सांगितले’, ‘दावा केला’ की ‘आरोप केला’. छायाचित्र गर्दीचे घ्यायचे की रिकाम्या खुर्च्यांचे. यातील एकही गोष्ट असत्य नसते. मथळा देणारा उपसंपादक, पान लावणारा मुख्य उपसंपादक आणि घटनास्थळी गेलेला बातमीदार ही तीन वेगळी माणसे असतात, आणि त्यांची मते एक असतीलच असे नाही. अमेरिकेतील पाहण्या एकेकट्या पत्रकाराला त्याचा पक्ष विचारतात. पान मात्र एकटा पत्रकार तयार करीत नाही.

विकलेली जागा

महाराष्ट्रात वाचकाच्या विश्वासाला सर्वांत मोठा तडा गेला तो कुणा बातमीदाराच्या राजकीय मतांमुळे नव्हे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारांना ‘पॅकेज’ विकली गेली. ठरावीक रक्कम द्या आणि प्रचाराचा मजकूर बातमी म्हणून छापून घ्या, असा रोखठोक व्यवहार. जो पैसे देणार नाही, त्याची बातमीच नाही. ‘द हिंदू’मध्ये पी. साईनाथ यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये दाखवून दिले, की तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर परस्परांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत शब्दश: सारखा छापून आला होता. वृत्तपत्रांतील जाहिरातींवर चव्हाण यांनी दाखविलेला खर्च होता ५ हजार ३७९ रुपये. हे प्रकरण पुढे निवडणूक आयोग आणि न्यायालयांत बरीच वर्षे रेंगाळले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खर्चाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. आयोगाने जुलैमध्ये चव्हाण यांच्याविरुद्ध दिलेला आदेश मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द ठरविला. अशा बातम्यांवरील खर्च लपविल्याबद्दल पहिली अपात्रता उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांच्या वाट्याला ऑक्टोबर २०११ मध्ये आली.

प्रेस कौन्सिलने या प्रकारांच्या चौकशीसाठी परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने वृत्तपत्रांची नावे घेऊन ७१ पानांचा अहवाल दिला. कौन्सिलने २०१० साली प्रसिद्ध केला तो त्याचा आटोपशीर अवतार. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ साली लोकांसमोर आला. दुसऱ्यांची गुपिते फोडणे हा ज्यांचा धंदा, त्यांच्याविषयीचा अहवाल माहितीच्या अधिकारात मिळवावा लागला!

‘मराठा’ आणि २००९ ची ही पाने शेजारी ठेवली तर फरक लगेच ध्यानात येतो. अत्र्यांचा वाचक पक्षपात विकत घेत होता आणि त्याला ते माहीत होते. २००९ च्या वाचकाला बातमी म्हणून जाहिरात विकली गेली आणि त्याला ते सांगितले गेले नाही. तालुक्याच्या गावातील वार्ताहराची अवस्था तर आणखी बिकट. मानधन नाममात्र, आणि जाहिराती आणल्या तर त्यावर कमिशन. ज्या आमदाराच्या वाढदिवसाची पुरवणी त्याने भरून दिली, त्याच्या टँकर घोटाळ्याची बातमी तो कोणत्या तोंडाने पाठविणार? त्या वार्ताहराचे राजकीय मत काय, हा प्रश्न येथे अगदीच गौण ठरतो.

मालकीचा मुद्दाही याला जोडूनच येतो. ‘लोकमत’ समूह काँग्रेसचे नेते जवाहरलाल दर्डा यांनी उभा केला. ‘सकाळ’ १९८५ पासून पवार कुटुंबाकडे आहे. २०१४ साली नेटवर्क १८ रिलायन्सच्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानी समूहाच्या ताब्यात गेले. मालकीचा परिणाम अल्प, हा अमेरिकेतील निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येईल असे वाटत नाही. येथे अंकाची किंमत छपाईचा खर्चही भरून काढीत नाही, जाहिरातींचा मोठा हिस्सा सरकारी, आणि मालकाचे इतर उद्योग सरकारी परवानग्यांवर अवलंबून.

वृत्तकक्षात कोण बसते?

भारतात पत्रकारांच्या पक्षनिष्ठेपेक्षा त्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीची मोजणी अधिक बोलकी ठरली. २००६ साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतील ३७ वृत्तसंस्था व माध्यमगृहांतील ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी केली. त्यात ७१ टक्के जागांवर उच्चवर्णीय हिंदू पुरुष होते आणि एकही दलित वा आदिवासी नव्हता. ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या अभ्यासातही चित्र फारसे पालटलेले नव्हते : वृत्तकक्षांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींतील कुणीही त्यांत नव्हते. अशा वृत्तकक्षात काँग्रेस, भाजप आणि डाव्यांचे समर्थक अगदी समसमान बसविले, तरी काही बातम्या कुणालाच सुचणार नाहीत. ‘मूकनायक’च्या न छापलेल्या जाहिरातीचा प्रश्न शंभर वर्षांनंतरही तसाच राहतो तो येथे.

संपादकांनी राजकारणात जाणे हा वाचकांच्या संशयाचा आणखी एक विषय. ‘लोकसत्ता’चे माजी संपादक विद्याधर गोखले १९८९ साली शिवसेनेतर्फे लोकसभेवर गेले. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक राहिलेले भारतकुमार राऊत २००८ साली शिवसेनेतर्फे, तर ‘लोकसत्ता’चे माजी संपादक कुमार केतकर २०१८ साली काँग्रेसतर्फे राज्यसभेवर गेले. संसदेत जाण्याचा हक्क त्यांना इतरांइतकाच आहे आणि पुढे पक्षात गेले म्हणून आधीचे सारे लेखन पक्षाचेच होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण वाचक अशा वेळी जुनी कात्रणे नव्या नजरेने वाचू लागतो, त्याला कोण काय करणार?

तक्रार असेल तर वाचकाने जायचे कुठे? १९७८ च्या कायद्याने स्थापन झालेली प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला ताकीद देऊ शकते, त्याची निर्भर्त्सना करू शकते. दंड करू शकत नाही, आणि दूरचित्रवाणी वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. दुसरा मार्ग पत्राच्या आतच वाचकांचा प्रतिनिधी नेमण्याचा. ‘द हिंदू’ने मार्च २००६ मध्ये के. नारायणन यांना वाचक-संपादक नेमून भारतात त्याची सुरुवात केली. संपादकाच्या हुकमाबाहेर राहून तक्रारी तपासायच्या आणि निष्कर्ष त्याच पत्रात छापायचे, असे त्या पदाचे काम. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने असे पद २००३ साली निर्माण केले. त्या पदावरील पहिले गृहस्थ डॅनियल ओक्रेंट यांनी जुलै २००४ मध्ये, आपले पत्र उदारमतवादी आहे का, या प्रश्नाला त्याच पत्राच्या पानावर ‘अर्थातच आहे’ अशा अर्थाचे उत्तर देऊन टाकले; सामाजिक प्रश्नांवर तर ते निर्विवाद तसे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ साली त्या पत्राने हे पदच रद्द केले. मराठी दैनिकांत ते अद्याप रुजलेले नाही. वाचकांच्या पत्रव्यवहाराचे सदर आणि दूरध्वनी यांवरच काम भागते.